वास येत होता का

४ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. तिकडे वारा सुटलाय, थंडी ओसरली, तू बरा आहेस, मीही बरी असेन. संपलं. मागच्या कार्डातही हवाच होती, त्याच्या मागच्यातही हवाच. गोदामात नोकरी लागली म्हणतोस, ते हवामान खात्याचं गोदाम आहे का?

मी हवा विचारायला पत्र लिहिलं नव्हतं. एक गोष्ट विचारली होती. ती आता परत विचारते आणि सुरुवातीलाच विचारते, म्हणजे खालचं वाचायचं राहून गेलं असं म्हणायला तोंड नको. त्या दिवशी विहिरीवर सगळ्या गल्लीसमोर तू पाण्याचा ग्लास घेतलास, हुंगलास, घटाघटा प्यायलास आणि म्हणालास, "मला काही वास येत नाही. हे सगळे मनाचे खेळ आहेत तुमच्या." तेव्हा तुला वास येत होता का नव्हता? हो किंवा नाही. कार्डावर वाऱ्याला जागा पुरते तर याला पण पुरेल.

जोडाक्षरं चुकली असतील तर दुरुस्त करून वाच. शाळेत तू गेलास, मी धुण्यावर बसले, ते आता काढत नाही.

इकडची खबर. आपल्या पेट्रोल पंपाला कुलूप आहे. ज्यांनी कुलूप ठोकलं त्यांनीच आता माणसं पाठवली आहेत, जमिनीत उतरलेलं पेट्रोल काढायला. आधी टाकी उकरून वर काढली. टाकी ठणठणीत निघाली, बरं का. बाबांनी चांगलीच घेतली होती. टाकीपासून पंपाच्या मशिनपर्यंत जो पाइप जमिनीतून जातो ना, तो एका सांध्याला झिजला होता. तिथून थेंब थेंब. किती दिवसांपासून, ते कुणालाच सांगता येत नाही. सकाळी काठी टाकून टाकी मोजताना तुला कमी दिसलं असेल तरी ते उन्हानं उडालं असं वाटण्याइतकंच कमी. हे मी तुझी बाजू घेऊन नाही लिहीत, पाइप बघितलेल्या माणसानं सांगितलं ते लिहिते.

सगळ्यांच्या वर एक पोरगी आहे. इंजिनियर. जाड भिंगाचा चष्मा. मी तिला चष्मेवाली म्हणते, तोंडावर पण म्हणते. ती मला काकू म्हणते, मी आवडून घेतलेलं नाही पण चालवून घेते.

विहिरीला लोखंडी झाकण घातलंय आणि त्याला कुलूप. लाँड्रीला टँकरचं पाणी घेते. बेकरीवाली माझ्याशी बोलत नाही. समोरासमोर आलो की ती पावाचे ट्रे मोजायला लागते.

आणि पंपाच्या शटरवरचा तो शब्द अजून आहे. "खोटारडा." काळा तेलरंग. तू पहाटेच्या गाडीनं गेलास, तुला तो नीट दिसला पण नसेल. मला दुकानात बसलं की समोर तोच दिसतो. मी तो पुसलेला नाही. बहीण आहे म्हणून पुसायचा, हे मला जमत नाही. तू उत्तर दे. मग मी काय करायचं ते बघते.

ताई

*

२१ मे

बारक्या,

परत कार्ड, परत हवा. या वेळी धुकं. तुझ्या धुक्याचं मी काय करू, इस्त्री करू?

तू नाही सांगत तर मी सांगते. निदान तुझ्यामागे इथे काय चाललंय ते तुला माहीत असलं पाहिजे.

पंपाच्या आवारात, माझ्या मागच्या अंगणात आणि बेकरीच्या बोळात, सगळीकडे बोटाएवढी जाड नळी जाईल अशी बोअर पाडली आहेत. चष्मेवाली दोरीला एक आरपार दिसणारी नळी बांधून आत सोडते आणि वर काढते. पहिल्यांदा मला दाखवलं तेव्हा मी बघतच राहिले. खाली पाणी आणि वर बोटभर पेट्रोल, दुधावर साय धरल्यासारखं. ते पाण्यात बुडत नाही, मिसळतही नाही सगळं. थोडं मिसळतं, आणि तेच थोडं विहिरीत येतं.

मला वाटायचं विहीर म्हणजे हौद. आपलं पाणी आपल्या जागी बसलेलं. तसं नसतं म्हणे. जमिनीखाली पाणी सरकत असतं, आपल्याला न सांगता. आपल्या गल्लीत ते पंपाकडून विहिरीकडे सरकतं, विहिरीकडून बेकरीच्या मागे. आपल्या पाइपातून जे गळलं ते असं पायी पायी चालत विहिरीपर्यंत गेलं.

आता त्याला उलटं आणायचं काम चाललंय. एक मोटर ते पाणी वर उपसते. पत्र्याचा उंच उभा डबा आहे, त्यात वरून पाणी सोडतात आणि खालून वारा मारतात. पेट्रोल वाऱ्याबरोबर उडतं. उरलंसुरलं कोळशाच्या पिंपांत अडकतं. दुसरी मोटर जमिनीत हवा फुंकते, तिसरी जमिनीतली वाफ ओढून घेते. दिवसभर घर्र घर्र. पहिल्या आठवड्यात मी चष्मेवालीला म्हटलं, "बाई, हे बंद कर नाहीतर माझं डोकं बंद पडेल." आता जेवायच्या सुट्टीत थांबवतात तर चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

नळीमामा रोज येतो. पंपाला कुलूप आहे हे त्याला माहीत आहे, तरी येतो. आपण लहान होतो तेव्हापासून गाड्यांच्या टाकीत नळी घालतोय, तो घरी बसून काय करणार? स्टूल घेऊन बंद मशिनपाशी बसतो. एखादी चुकार गाडी आत वळली की हात हलवून सांगतो, "बंद आहे, पुढे जा." तेवढीच त्याची नोकरी. चष्मेवालीच्या माणसांनी त्याला पिवळी टोपी दिली आहे. ती तो काढत नाही.

परवा तो म्हणाला, "पोरी, मालकाचं काही पत्र?"

मी म्हटलं, "आहे ना. धुकं पडलंय."

तो म्हणाला, "त्याचं नाक एवढं तिखट. थेंबावरनं भेसळ सांगायचा तो. त्याला वास आला नाही हे कुणी कसं मानायचं?"

बघ. गल्ली सोड, ज्या माणसानं तुला कडेवर फिरवलं तो हे म्हणतो. टँकरवाले दारात पेट्रोल आणायचे, तू तळहातावर थेंब घ्यायचास, डोळे मिटून हुंगायचास आणि म्हणायचास, "यात रॉकेल आहे, परत ने." लोक बघायला थांबायचे. असलं नाक असलेला माणूस आणि पाण्याला वास येत नाही म्हणतो! शटरवर जो शब्द आला तो तिथून आला.

तेव्हा सांग.

ताई

*

ऑगस्ट. तारीख नंतर टाकते

बारक्या,

थोडक्यात लिहिते, गिऱ्हाईक आहे.

जुलैत यंत्रानं बरे आकडे दाखवले. साय गेली, नळीत नुसतं पाणी यायला लागलं. गल्ली खूश. चष्मेवाली म्हणाली, मोटरी बंद करून बघू. बंद केल्या. काही दिवसांनी परत मोजलं तर परत वर. गल्लीत बोंबाबोंब. कुणी म्हणालं यंत्र बिघडलंय, कुणी म्हणालं ही पोरगीच फसवते.

मला काही नवल वाटलं नाही. शर्टावर तेलाचा डाग असतो, तो धुतला की गेला वाटतो. वाळेपर्यंत गेलेलाच असतो. मग वर गरम इस्त्री फिरली की धाग्यात बसलेलं तेल परत वर येतं आणि गिऱ्हाईक आपल्यालाच विचारतं, हे काय? मी चष्मेवालीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "अगदी तेच, काकू. माती धरून ठेवते. आणि तुम्ही काय करता मग?" मी म्हटलं, "परत धुते. दुसरं काय करणार, गिऱ्हाईकाला मारू?"

मोटरी परत चालू केल्या आहेत.

तुझं कार्ड नाही या वेळी. हवा पण संपली वाटतं.

ताई

*

१७ नोव्हेंबर

बारक्या,

बसून वाच. उभ्यानं वाचायचं पत्र नाही.

आज सकाळी चष्मेवालीनं शटरसमोरच्या बोअरचं झाकण काढलं. तिच्या हातात ते छोटं यंत्र असतं, वाफ असली की पिं पिं करतं. बोअरला नाक लावायचं नाही असा तिचा दंडक आहे, "काकू, हुंगायला यंत्र आहे, आपलं नाक नाही." पण नळीमामाला दंडक कोण सांगणार? ती वळून डबीत पाणी भरत होती तेवढ्यात हा टोपी मागे सारून वाकला, लांब श्वास घेतला आणि ओरडला, "झालं! पोरी, झालं गं! स्वच्छ आहे. काही नाही राहिलं. काढा ते कुलूप विहिरीचं."

आणि यंत्र पिं पिं पिं करत होतं.

मला वाटलं यंत्राला काहीतरी झालं. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून बेकरीवाली ट्रे घेऊन चालली होती. तिनं तिथूनच नाकाला हात लावला. माझ्याशी बोलत नाही ती, पण राहवलं नाही तिला. म्हणाली, "अहो मामा, एवढा दर्प मारतोय आणि स्वच्छ काय म्हणता?"

"कुठाय दर्प?" नळीमामा म्हणाला.

बेकरीवाली हसली. तिला वाटलं थट्टा करतोय. माझ्या लक्षात आलं की तो थट्टा करत नाही. त्याच्या तोंडाकडे बघून कळलं मला. माणूस खिसा चाचपतो आणि पाकीट नसतं तेव्हा जसा दिसतो तसा दिसत होता.

मी चष्मेवालीला न विचारता वाकले. हुंगलं. बारक्या, काही नाही. ओल्या मातीचा वास. बस्स.

आता माझं नाक कामातून गेलंय हे मला माहीत होतं. पण मी ते ब्लीचिंग पावडरच्या नावावर टाकलं होतं. इतकी वर्षं त्या डब्यात तोंड घालते, नाक जाणारच. म्हणून विहिरीच्या पाण्याचा बोभाटा झाला तेव्हा मला कुणी विचारलं की मी म्हणायचे, मला विचारू नका, मला सर्दी असते. मी स्वतःला धरलंच नाही त्यात.

चष्मेवालीनं आम्हा दोघांना बाजूला बसवलं. आधी रागावली. मग विचारलं, "मामा, पंपावर कधीपासून?" तो म्हणाला, "मिशी फुटायच्या आधीपासून." मला म्हणाली, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, "मी पंपावर नव्हते, पण पंपाच्या मागच्याच खोलीत जन्मले, आम्ही दोघं भावंडं तिथेच वाढलो. उशाला खिडकी आणि खिडकीबाहेर टाकीचं तोंड."

ती म्हणाली, असं होतं. माणूस एकाच वासात राहिला की नाक तो वास कळवायचं बंद करतं. पेट्रोलचं तर फारच होतं. टाकीत तोंड घातलं तर कळतं, एवढ्या-तेवढ्यानं नाही. पंपावर जन्म काढलेल्या पुष्कळ माणसांचं असं होतं, आणि त्यांना स्वतःला पत्ताही नसतो, कारण जे येतच नाही ते आलं नाही हे कळणार कसं?

नळीमामा टोपी हातात घेऊन फिरवत बसला. मग म्हणाला, "मग तो..."

मी म्हटलं, "हो."

"पण पोरी, तळहातावरचा थेंब?"

मी म्हटलं, "त्याच विचारात मी पडले आहे."

आणि मग त्यानंच कपाळावर हात मारला. म्हणाला, "अगं, ते हुंगणं नाटक होतं! तुझे बाबा पण करायचे. थेंब घ्यायचा, हुंगायचा, डोळे मिटायचे. टँकरवाला घाबरायला पाहिजे म्हणून. खरं बघायचं ते नंतर, थेंब वाळतो कसा ते. चांगलं पेट्रोल भुर्रकन उडतं, हात कोरडा. रॉकेल असलं की तेलकट राहतं. तो हुंगून झाल्यावर गप्पा मारत हात तसाच धरायचा, आठवतंय? मी शेजारी उभा असायचो आणि मला कधी सुचलं नाही."

बारक्या, हे खरं आहे का? तुझं नाक म्हणून जे नाव झालं होतं ते बाबांनी शिकवलेलं नाटक होतं का? आणि त्याच नावामुळे तुला सगळ्यांनी खोटारडा ठरवलं?

आता मी तुला हो का नाही विचारत नाही. मला वाटतं मला कळलं. पण तुझ्या हातचं पाहिजे.

ताई

*

२ डिसेंबर

बारक्या,

उत्तर नाही. ठीक आहे, थांबले नाही मी.

काल शटर धुतलं. तो रंग एवढा घट्ट बसला होता की सोडा लावला, घासणी लावली, नखं गेली, रंग जाईना. नळीमामा म्हणाला, "पेट्रोलचा बोळा फिरव, चटकन निघेल." चष्मेवालीनं नुसते डोळे वटारले. तो म्हणाला, "बरं बरं, राहिलं." मग धुण्याचा कॉस्टिक घट्ट कालवून लावला आणि घासत बसले.

बेकरीवाली दारात उभी राहून बघत होती. शेवटी रस्ता ओलांडून आली. म्हणाली, "कुणाच्या सांगण्यावरून पुसतेस?"

"कुणाच्या नाही. चुकीचं लिहिलंय म्हणून पुसते."

"आणि माझा पाव? त्याच विहिरीच्या पाण्यात मळलेला पाव वास येतो म्हणून लोकांनी तोंडावर परत आणून टाकला, तेव्हा काय बरोबर होतं? मी तुझ्या भावाला तीनदा येऊन सांगितलं, जमीन उकरून बघ म्हणून. मला म्हणाला, तुमच्या यीस्टचा वास असेल!"

हे तू म्हणाला होतास हे मला माहीत नव्हतं. छान केलंस.

मी तिला सगळं सांगितलं. मामाचं, माझं, चष्मेवाली काय म्हणाली ते. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे त्याला वास येत नव्हता."

"नव्हता."

"पण मला येत होता. माझ्या नवऱ्याला, गल्लीतल्या सगळ्यांना. दहा माणसं दारात येऊन सांगतात तेव्हा आपलं नाक जरा बाजूला ठेवायला नको?"

बरोबर बोलत होती. मी म्हटलं, "ते त्याचं चुकलं. साफ चुकलं. पण खोटं बोलणं वेगळं आणि हे वेगळं. यासाठी तुला शटरवर काही लिहायचं असेल तर 'अडमुठा' लिही. रंगाचा डबा मी आणून देते, ब्रशही देते. तो शब्द मी पुसणार नाही."

तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. म्हणाली, "डबा आणून ठेव. त्याला समोर बघते आणि मग ठरवते."

बारक्या, तुला सांगते, मी तिच्याच बाजूची आहे. तुला वास आला नाही यात तुझा दोष नाही. पण बेकरीवाली तीनदा आली आणि तू तीनदा तिला परत पाठवलंस, यात सगळा तुझाच दोष आहे. हे दोन वेगवेगळे कपडे आहेत, एका बादलीत भिजवायचे नाहीत.

शब्द गेला. उन्हात तिरकं बघितलं की अजून जरासा दिसतो.

ताई

*

९ जानेवारी

बारक्या,

तुझं पत्र आलं. सहा पानं. सगळी वाचली, परत वाचली, हवा कुठेच नाही. म्हणजे तू लिहू शकतोस तर!

आधी नाटकाचं. तर बाबांनीच शिकवलं. "हुंगायचं लोकांसाठी, बघायचं आपल्यासाठी." हे वाक्य वाचून मला बाबा समोर दिसले, मिशीत हसणारे. मला कधी सांगितलं नाही त्यांनी. मुलीला पंपावरचं काही सांगायचं नाही. बरं झालं, नाहीतर मी टँकरवाल्याला सांगून टाकलं असतं.

मग तू लिहितोस की ग्लास हुंगलास तेव्हा काहीच आलं नाही, पाणी ते पाणी. तुला खरंच वाटलं की सगळी गल्ली मिळून तुझ्यावर उठली आहे. आणि नंतर मोठं यंत्र आणलं, आकडा निघाला, शटरवर शब्द आला, तेव्हा तुला उलटं वाटायला लागलं. वास आलाच असणार. आपल्यालाच कळलं असणार आणि आपण आतल्या आत दाबलं असणार. तू लिहितोस, "ताई, मला कळेना मी खोटं बोललो का नाही. म्हणून तुला काय उत्तर देणार? हो लिहिलं तरी खोटं, नाही लिहिलं तरी खोटं. म्हणून हवा लिहायचो."

हे वाचलं आणि मी दुकान अर्धं बंद करून आत जाऊन बसले. मी दर पत्रात तुला तेच विचारत होते, हो का नाही, एका शब्दाचं उत्तर. आणि तुझ्यापाशी तो एक शब्दच नव्हता. मला काय माहीत. विचारलं ते विचारलं, त्यात वाईट वाटून घेत नाही, तूही घेऊ नको.

तू खोटं बोलला नाहीस. हे मी लिहून देते, ताईच्या अक्षरात, कोंबडीचे पाय का असेनात.

तू पुढे लिहितोस की आता परत येऊन काय करू, तोंड कुणाला दाखवू. तोंड बघायला कुणी उतावीळ नाही, नळीमामा सोडून. तो तुझं पत्र मागत होता वाचायला. मी दिलं नाही. त्यातलं थोडं वाचून दाखवलं. त्यानं टोपीनं डोळे पुसले आणि म्हणाला धूळ फार झाली आहे. धूळ कुठे होती?

आणि ग्लासभर प्यायलास त्याचं काय? डॉक्टरला दाखव. इथे गल्लीत सगळ्यांचं रक्त तपासलं, चष्मेवालीनं पाठपुरावा करून. लवकर लक्षात आलं म्हणून निभावलं म्हणतात. तू पण तपासून घे आणि मला कळव. हवा कळवू नको.

ताई

*

३० सप्टेंबर

बारक्या,

तुझा रिपोर्ट चांगला आला हे वाचलं. बरं वाटलं. पुढचं ऐक.

मोठ्या मोटरी उन्हाळ्यातच काढून नेल्या. आता नुसती हवा फुंकणारी एक ठेवली आहे. चष्मेवाली म्हणते जमिनीत बारीक जंतू असतात, त्यांना हवा मिळाली की ते उरलेलं पेट्रोल खातात. मी म्हटलं, "मग पहिल्यापासून त्यांनाच का नाही जेवायला बसवलं?" ती म्हणाली, "काकू, एवढी मोठी पंगत त्यांना झेपली नसती. आधी आपण उपसून कमी केलं." पोरगी माझ्यासारखं बोलायला लागली आहे. सुधारली.

विहिरीचं पाणी पुन्हा पुन्हा तपासायला पाठवलं. मध्ये थांबून, परत पाठवून. डाग परत वर येतो का बघायला. नाही आला. शटरसमोरच्या बोअरमध्ये अजून थोडं आहे, त्यावर लक्ष ठेवावं लागणार, बरीच वर्षं. पण विहीर मोकळी.

काल झाकण काढलं. गल्ली जमली, तुझ्या वेळी जमली होती तशीच. चष्मेवालीनं कागद वाचून दाखवला. लोकांनी ऐकलं, पण कुणी पुढे होईना. कागद काय, यंत्र काय, लोकांना आपलं नाक लागतं. नळीमामा बादली घेऊन पुढे सरसावला आणि सगळे एकदम म्हणाले, "तुम्ही नको, मामा!" हसले सगळे. तोही हसला. मी पण गप्प मागे उभी राहिले. आपल्या घरातल्या नाकांना या कामात मत नाही.

मग बेकरीवाली पुढे झाली. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं ओंजळ भरली, नाकाशी नेली. किती वेळ हुंगत होती! मला वाटलं आता हिला काहीतरी येणार. पाणी थेंब थेंब कोपरावरून गळत होतं. मग ती प्यायली. तोंड पुसलं आणि म्हणाली, "लोखंडाचा जरासा येतोय. झाकण गंजलंय."

बस्स, एवढंच. लोक कळशा आणायला धावले.

ती माझ्यापाशी आली. म्हणाली, "उद्यापासून पीठ याच पाण्यात मळते. आणि तू आणून दिलेला तो डबा मी ठेवलाय हां अजून, रंगाचा."

मी म्हटलं, "ठेव. वाळला असेल."

"थिनर टाकेन," ती म्हणाली.

पंप परत चालू होणार नाही. जागा आपली आहे, मी लाँड्री पुढे सरकवायचं म्हणते. मोठं मशीन ठेवायला जागा होईल. एका बाईनं चालवायचं मशीन नाही ते. याहून स्पष्ट मला लिहिता येत नाही. ये.

ताई

*

चिठ्ठी, दाराच्या कडीला दोऱ्यानं बांधलेली

बारक्या,

गाडी वेळेवर आली असेल तर मी घरी नसेन. हॉस्पिटलच्या चादरी पोचवायला गेले आहे. तू येणार म्हणून चादरी थांबत नाहीत.

दाराला कुलूप आहे. किल्ली नळीमामाकडे नाही, त्याच्याकडे मागू नको. बेकरीवालीकडे ठेवली आहे. तिच्या हातातूनच घ्यायची. ती जे बोलेल ते उभं राहून ऐकून घ्यायचं, मधे तोंड घालायचं नाही. काय बोलायचं ते मी तुला शिकवणार नाही. संपल्यावर ती किल्ली देईल.

मग आत ये, हातपाय धू आणि चहा ठेव. तीन कप ठेव, मामा येईलच. बेकरीवाली आली तर चार.

पाणी विहिरीचं घे.

ताई